अक्षताचं नाव

संपतराव जमदाडे वाचनालयात आले तेव्हा सव्वातीन वाजले होते. एकोणीस वर्षांत मी त्यांना आमची पायरी चढताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, वर्तमानपत्र वाचत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे एकदा बघितलं आणि माझ्या टेबलाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "शेटेबाई, आमची ऋतुजा इथं यायची म्हणं."

मी हो म्हटलं.

"आज आली हुती?"

"नाही. आठ दिवसांत नाही आली."

ते समोरच्या खुर्चीवर बसले. तासगावात बेदाण्याचा व्यापार करणारा, भर बाजारात मोठ्या आवाजात बोलणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांना शब्द सापडत नव्हते. ऋतुजा त्यांची पुतणी. तिचे वडील ती सात वर्षांची असताना गेले, तेव्हापासून संपतरावांनीच तिला वाढवलेलं. दहा दिवसांनी तिचं लग्न होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आमच्या वाचनालयालाही एक आली होती.

त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं. सकाळी नऊ वाजता ती कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचं आहे म्हणून सांगलीला गेली. बारा वाजता फोन लागेना. तिच्या काकूंनी सहज कपाट उघडलं तर दाखल्यांची फाइल जागेवर नव्हती, दोन ड्रेसही नव्हते. मैत्रिणींना विचारलं, तर त्यातली एक म्हणाली की ती वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसायची, आम्हाला ठाऊक नाही काय बघायची.

"काय बघायची, बाई?"

मी म्हटलं, मी कुणाच्या मागे उभी राहून बघत नाही. ते खरं होतं.

ही २०१४ सालची गोष्ट. त्याच्या दोन वर्षं आधी एका योजनेतून वाचनालयाला दोन कॉम्प्युटर मिळाले होते आणि मला सांगलीत तीन दिवसांचं प्रशिक्षण. कॉम्प्युटरवर बसणाऱ्यानं वहीत नाव आणि वेळ लिहायची, अर्धा तास झाला की उठायचं, एवढीच आमची व्यवस्था. ऋतुजा दुपारी दोनला यायची, त्या वेळी गर्दी नसते. खिडकीकडच्या मशीनवर बसायची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. कमी बोलणारी, पुस्तक वेळेवर परत करणारी मुलगी. तीन आठवड्यांपूर्वी उठता उठता तिनं मला विचारलं होतं, "बाई, मी काय बघितलं ते माझ्यानंतर बसणाऱ्याला दिसतं का?"

मी मोठ्या ऐटीत तिच्या शेजारी बसले आणि प्रशिक्षणात शिकवलेलं तिला दाखवलं. हिस्टरी उघडायची, सगळं निवडायचं, पुसून टाकायचं. यादी कोरी झाली. मी म्हटलं, "झालं. आता काही राहत नाही."

तिनं दोनदा विचारलं होतं, नक्की ना बाई. मी दोन्ही वेळा नक्की म्हटलं होतं.

संपतरावांनी वही मागितली. नाही म्हणायला मला कारण सुचेना. त्यांनी पानं उलटली. ऋतुजाचं नाव अकरा वेळा होतं, प्रत्येक वेळी दोन ते अडीच. मग ते उठले आणि कॉम्प्युटरकडे गेले. हिस्टरी म्हणून काही असतं, त्यात सगळं कळतं, असं त्यांना कुणीतरी सांगून पाठवलं होतं. त्यांना ते उघडून हवं होतं. मी उघडलं. यादी कोरी होती.

"सगळं कोरं कसं?"

"रोज पुसतो आम्ही. नियम आहे."

असा काही नियम नव्हता. मी तो त्या क्षणी केला. माझा आवाज मलाच वेगळा वाटला, पण त्यांच्या लक्षात आलं नाही. ते खुर्चीत तसेच बसून राहिले, पडद्याकडे बघत. आता ते उठतील आणि जातील, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुणीतरी आडत्या असावा, भाव विचारत होता. घरात काय चाललंय ते त्याला सांगायचं नव्हतं म्हणून असेल, संपतराव नेहमीच्या सुरात बोलायला लागले. थांबा, बघून सांगतो, असं म्हणून त्यांनी एका बोटानं बेदाण्याच्या दरांचं पान उघडलं. ते पान त्यांच्या रोजच्या सवयीचं होतं. त्यांनी भाव सांगितला, फोन ठेवला, आणि मग त्यांची नजर पानाच्या उजव्या कडेला गेली.

तिथं एक जाहिरात होती. गुलाबी चादर घातलेला पलंग, खिडकी, हसणारी एक मुलगी. अक्षरं इंग्रजी होती. त्यांनी एकेक अक्षर जुळवत वाचलं, मला ओठ हललेले दिसले. हैदराबाद. मुलींसाठी हॉस्टेल. त्याच्या खाली दुसरी जाहिरात होती, बसची. सांगली ते हैदराबाद, रोज सायंकाळी साडेपाच.

मी घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून पस्तीस मिनिटं. तासगावहून सांगली गाडीनं पाऊण तास.

ऋतुजा कुठं निघाली आहे ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मला आणि संपतरावांना ते एकाच वेळी दिसलं. फरक इतकाच की मला कळलं होतं आणि त्यांना अजून कळायचं होतं.

"हे काय हो?"

"जाहिरात आहे. येतात अशा. कुणालाही येतात."

संपतराव शिकलेले कमी, पण माणूस हुशार. त्यांनी खिशातून आपला फोन काढला, त्यावर तेच दरांचं पान उघडलं आणि कॉम्प्युटरशेजारी धरलं. त्यांच्या फोनवर उजव्या कडेला औषध फवारायच्या पंपाची जाहिरात होती.

"मला पंप दावतंय," ते म्हणाले. "तुमच्या मशीनला हैदराबादचं हॉस्टेल. मी मागच्या आठवड्यात पंपच बघत हुतो फोनवर. मग हितं कोण हैदराबाद बघत हुतं, बाई?"

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं वर्तमानपत्र खाली केलं. मला आठवतं, पंख्याचा आवाज येत होता आणि मी तो मोजत असल्यासारखी उभी होते. खोटं बोलायचं असेल तर ते एका श्वासात बोलायला हवं होतं. आणि ज्या मशीनवर कुणीही बसू शकतं, तिथं कुणाचंही नाव घेता येतं, एवढं एकच मला सुचलं. पण कुणाचंही म्हणजे कुणाचं? वहीतल्या परक्या मुलीचं घ्यायचं धाडस झालं नाही.

"अक्षता," मी म्हटलं. "माझी मुलगी."

त्यांनी मान वर केली.

"संध्याकाळी मला न्यायला येते तेव्हा बसते इथं, वहीत नाव लिहीत नाही. तिला हैदराबादला जायचंय. मी नाही म्हणतेय. घरात भांडणं चाललीत आमची. कृपा करून कुठं बोलू नका, तिचं मिरजेत जमतंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते भीतीचं होतं, पण त्यांना लाजेचं वाटलं. ते लगेच उभे राहिले. मग म्हणाले, "पोरींचं काही कळत नाही, बाई. मी तिला कधी उलटं बोललो नाही. आता उपाशी असंल का जेवली असंल, तेबी ठाऊक नाही मला."

तिथं मी जवळजवळ खरं सांगून टाकलं असतं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ते वाईट नव्हते. पण पुढच्याच वाक्यात ते म्हणाले की आज सापडली तर आज, उद्या सापडली तर उद्या, तिला आणून मांडवात बसवणारच, दिलेला शब्द आहे. आणि मी गप्प राहिले. तिची मावशी चिंचवडला असते, तिथंच गेली असणार, असं म्हणून त्यांनी बाहेर जाऊन फोन लावला आणि गाडी पुण्याकडे सोडायला सांगितली.

साडेपाच वाजेपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही. एका बाईंना हव्या त्या पुस्तकाऐवजी भलतंच दिलं. साडेपाच झाले, सहा झाले. संपतराव परत आले नाहीत.

अक्षताला मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संपतराव बोलणार नाहीत, असं मी स्वतःला समजावत होते. माणूस शब्दाचा पक्का आहे, म्हणत होते. रस्त्यानं कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं तरी मी मान खाली घालून निघून जायची. अक्षता तेव्हा चोवीस वर्षांची होती, गावातल्याच एका संगणक वर्गात शिकवायची. तिचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती; घरात आम्ही दोघीच. मिरजेच्या तोडकरांचा शैलेश तिला बघून गेला होता, तिलाही तो आवडला होता, बोलणी जवळजवळ झाली होती.

तिसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली. मी जेवायला आले होते. ती दारातच उभी राहिली आणि तिनं अगदी शांतपणे विचारलं, "आई, मी हैदराबादला कुणाबरोबर पळून जाणार होते?"

तिच्या वर्गातल्या एका मुलीची आई तिला बाजूला घेऊन म्हणाली होती, आईचा तरी विचार कर. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. ऋतुजाचं, वहीचं, पंपाच्या जाहिरातीचं. माझं झाल्यावर तिनं पहिली गोष्ट विचारली ती वेगळीच.

"तू हिस्टरी पुसायला शिकवलंस. कुकीज पुसल्या का?"

मला तो शब्द ऐकून माहीत होता, त्या पलीकडे काही नाही. मग तिनं मला समजावलं. रागात होती, तरी समजावलं. तिची शिकवायची सवय.

ती म्हणाली, आपण एखाद्या साइटवर गेलो की ती साइट आपल्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवते. चिठ्ठीवर एक नंबर. पुढच्या वेळी ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि साइट ओळखते, हा तो मघाचाच. त्यात वाईट काही नाही. ती चिठ्ठी नसती तर फॉर्मच्या दुसऱ्या पानावर गेलं की पहिलं पान कुणी भरलं ते साइट विसरली असती. पण जाहिरातवाल्या कंपन्याही आपल्या चिठ्ठ्या ठेवतात. एकच कंपनी हॉस्टेलच्या साइटवरही असते आणि बेदाण्याच्या साइटवरही. हॉस्टेलच्या पानावर कंपनीनं नंबर टिपून घेतला, बेदाण्याच्या पानावर तोच नंबर पुन्हा आला, की तिला वाटतं, ह्याला हैदराबादला जायचंय, दाखवा ह्याला हॉस्टेल. हिस्टरी म्हणजे नुसती आपण कुठं कुठं गेलो त्याची यादी. ती पुसली म्हणून चिठ्ठ्या जात नाहीत. त्या वेगळ्या पुसाव्या लागतात.

"म्हणजे ते यंत्र सगळं ओळखतं," मी म्हटलं.

"यंत्राला माणूस ओळखता येत नाही, आई. त्याला फक्त एवढंच कळतं की ह्या मशीनवर कुणीतरी हैदराबाद बघितलं. ऋतुजा, मी, तू, त्याला सगळ्या सारख्याच. म्हणून तर तुला माझं नाव सांगता आलं."

एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "पण तुला तर माणसं ओळखता येतात ना?"

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मी ताटावरून उठले. परत वाचनालयात जाऊन काय केलं ते मला आठवत नाही.

संपतरावांनी मुद्दाम केलं नव्हतं, हे मला पुढं कळलं. त्यांचा बेदाणा ज्या शीतगृहात असायचा ते शैलेशच्या वडिलांचं होतं. तिथं चार माणसांत त्यांच्या पुतणीचा विषय निघाला, लोक टोचून बोलले, तेव्हा त्यांच्या तोंडून गेलं की आमच्याच घरात झालंय असं नाही, शेटेबाईंची पोरगीपण हैदराबादला निघाली हुती. स्वतःची मान थोडी वर करायला त्यांना कुणाची तरी मान खाली हवी होती. मी ती त्यांच्या हातात आयती दिली होती.

ऋतुजाचं काय झालं तेही इथंच सांगते. त्या दिवशी साडेपाचपर्यंत ती सांगलीत बसथांब्याशेजारच्या रसवंतीत तोंडाला ओढणी बांधून बसली होती. कुणी मुलगा नव्हता, कधीच नव्हता. तिला हैदराबादला बीज तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. घरी दोनदा सांगून बघितलं होतं, तर सासरच्यांना विचारून काय ते ठरव, असं उत्तर मिळालं होतं. लग्नाची तारीख उलटून गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः संपतरावांना फोन केला. वर्षभर ते तिच्याशी बोलले नाहीत. मग एकदा न सांगता हैदराबादला जाऊन तिच्या हॉस्टेलच्या फाटकाबाहेर दोन तास उभे राहिले, बेदाण्याची पिशवी घेऊन. आता ती एका बियाणे कंपनीत मोठ्या जागेवर आहे आणि ते तिचं कौतुक सांगत फिरतात. मला रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात. त्यांना त्या दुपारचं खरं कळलंय की नाही, मी कधी विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. लग्नाला पाच दिवस उरले होते आणि जमदाड्यांच्या गाड्या अजून पुण्यात फिरत होत्या, त्या रविवारी सकाळी तोडकर नवराबायको आमच्या घरी आले. आधी कळवलं नव्हतं.

अक्षता माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलत होती. त्यांना बघून ती चहा ठेवायला आत गेली. तोडकरकाकूंनी आडवळण घेतलं नाही. म्हणाल्या, आम्ही ऐकलं ते तुमच्या तोंडून ऐकायला आलो आहोत. पोरगी चांगली आहे, आम्हाला आवडली आहे. खोटं असेल तर खोटं म्हणा, आम्ही पुढचं ठरवून जातो.

मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं. माझ्या मुलीपेक्षा मला दुसऱ्याची मुलगी जास्त नाही. मी खरं सांगणार होते. तोडकर ते संध्याकाळी शीतगृहात बोलणार, संपतरावांच्या गाड्या रात्रीत हैदराबादच्या रस्त्याला लागणार, हेही मला ठाऊक होतं. तरी सांगणार होते. मी तोंड उघडलं, "त्याचं काय झालं, वहिनी," एवढे शब्द माझ्या तोंडून निघालेही.

अक्षता ट्रे घेऊन आली. तिनं तो स्टुलावर ठेवला आणि उभ्या उभ्या म्हणाली, "हैदराबादचं मीच बघत होते."

तोडकरांनी कप उचलला होता, तो तसाच राहिला.

"कशासाठी?" काकूंनी विचारलं.

"पुढं शिकायला जाता येईल का, ते बघत होते."

"एकटी?"

"एकटी."

"मग शैलेश बघायला आला तेव्हा बोलली का नाहीस?"

तिनं काकूंचा कप उचलून त्यांच्या हातात दिला. शैलेश आवडल्याचं तिनं मला ज्या संध्याकाळी सांगितलं होतं, ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढं आली. मी उठून काहीतरी म्हणणार होते, तर तिनं माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि मी बसले. काकूंनी चहा अर्धा घेतला. जाताना त्यांनी अक्षताच्या पाठीवरून हात फिरवला, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

ती पुढं पुण्याला नोकरीला गेली, एकतिसाव्या वर्षी तिनं स्वतः जमवलेलं लग्न केलं, सुखात आहे. शैलेशचं नाव आमच्यात पुन्हा कधी निघालं नाही. त्या रविवारी मात्र, दोघं फाटकाबाहेर गेल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, मी सांगणारच होते. तू कशाला..."

ती कप गोळा करत होती.

"ऋतुजासाठी सांगितलं," ती म्हणाली. "आणि माझ्यासाठीपण. तू माझं नाव दिलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस. आज ते मी माझ्या मनानं दिलं. ह्या दोन्हींत फरक आहे, तेवढा तुला कळला तरी पुरे."

कळला, असं मी म्हणाले. पण खरं तर तो कळायला मला पुढची काही वर्षं लागली. निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक जण उठल्यावर त्या दोन्ही मशीनवरच्या चिठ्ठ्या पुसत राहिले. ते सोपं होतं, शिकून घेतलं की हात आपोआप करतो. दुसरं कठीण होतं. आता मला कुणी कुणाबद्दल काही विचारलं, कोण कुठं राहतं, कोण काय वाचतं, अगदी नातेवाइकानं अक्षताचा नवा फोन नंबर मागितला तरी माझं उत्तर ठरलेलं असतं. लोकांना ते चमत्कारिक वाटतं, काहींना अपमानही वाटतो.

मी म्हणते, "तिला विचारून सांगते."